उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर खाऊ घालू नका



गेल्या महिन्यात बीपी तपासायला आलेले एक काका खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं बीपी राहू द्या. रस्त्यावरचं एक कुत्रं घरी आणलं आहे, नुसता हाडांचा सापळा. रोज लिटरभर दूध, वरून भात, रविवारी मटणाचा रस्सा. पंधरा दिवस झाले, काही अंगी लागत नाही. उलट हगवण सुरू झाली. एखादं टॉनिक लिहून द्या ना!"

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. त्यांना मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं नाही. पण हा प्रश्न मला चंद्रपूर-गडचिरोलीकडचे पेशंट वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारतात आणि प्रत्येक वेळी मला माझीच एक जुनी चूक आठवते. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगतो. उपाशी, खंगलेलं कुत्रं घरी आणलं की पहिला आठवडा हा मेजवानीचा नसून उपचाराचा असतो. त्या आठवड्यात जास्त खायला घालणं ही दया नाही. त्यात जीवही जाऊ शकतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या फाटकाशी एक कुत्री येऊन पडली होती. बरगड्या मोजता येत होत्या, कमरेची हाडं वर आली होती, उठताना पाय लटपटत होते. आम्ही तिला आत घेतलं. पहिल्याच दिवशी मोठं भांडंभर दूधभात दिला. तिने तो अधाशासारखा संपवला. आम्हाला आनंद झाला, म्हणून रात्री पुन्हा तेवढाच दिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती उठेना, धापा टाकू लागली. चौथ्या दिवशी पहाटे गेली.

रक्ताची तपासणी झाली नव्हती, त्यामुळे ती कशाने गेली हे मी शंभर टक्के सांगू शकत नाही. पण ज्या पशुवैद्यांना नंतर हकीकत सांगितली, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पहिल्या दिवशी किती खायला घातलंत?" मी मान खाली घातली. कारण खंगलेल्या माणसाला असं एकदम खाऊ घालायचं नसतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. माणसासाठी शिकलेलं कुत्र्यासाठी मला आठवलंच नाही.

उपाशी शरीरात काय घडतं?

बरेच दिवस अन्न मिळालं नाही की शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळून दिवस काढतं. इन्सुलिनची गरज कमी होते. पेशींमधला फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा हळूहळू आटत जातो. जीवनसत्त्व बी-१ही संपत येतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र हे क्षार बऱ्याचदा ठीक दिसतात. वरून सगळं ठीक आणि आतलं कोठार रिकामं.

अशा वेळी अचानक भरपूर भात, पोळी, साखर किंवा दूध पोटात गेलं की इन्सुलिन झपाट्याने वाढतं. ते साखरेबरोबर रक्तातला उरलासुरला फॉस्फरस आणि पोटॅशियमही पेशींत ओढून नेतं. रक्तात त्यांचा तुटवडा पडतो. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दमतात, अंगावर सूज येते, झटके येऊ शकतात. याला वैद्यकशास्त्रात 'रीफीडिंग सिंड्रोम' म्हणतात. धोका बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच असतो. म्हणजे आपल्याला वाटतं, "चला, खायला लागलं, आता वाचलं," नेमक्या त्याच वेळी.

हे माणसांच्या बाबतीत फार मोठी किंमत मोजून कळलं. १५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतली बर्गन-बेल्सन ही छळछावणी ब्रिटिश सैन्याने मुक्त केली. सुटकेनंतरही तिथले हजारो कैदी दगावले. टायफस आणि दीर्घ उपासमार ही मुख्य कारणं होती, पण सैनिकांनी कळवळ्याने दिलेलं डबाबंद, तेलकट अन्न न सोसून गेलेलेही त्यांत होते. मग तिथे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं खास मिश्रण देऊन पाहिलं गेलं. युरोपातल्या त्या कैद्यांना ते फार गोड लागलं, पण उपाशी माणसाला वेगळं आणि मोजून अन्न द्यावं लागतं हा विचार आपल्या दुष्काळातून तिथे पोहोचला होता.

आज तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं की पहिल्या दिवसापासून भरपेट आहार देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार आधी एफ-७५ हे पातळ, १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं दूध थोडं थोडं आणि दर काही तासांनी देतात. बाळ स्थिरावलं की मगच एफ-१००, म्हणजे १०० कॅलरीचं दूध. आधी स्थिर करायचं, मग वाढवायचं. कुत्र्याचं शरीरही याच नियमाने चालतं.

कुत्रं बारीक आहे की उपाशी?

दोन्ही सारखं नाही. घरच्या घरी पाहण्याची सोपी युक्ती सांगतो. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा टोचत असतील तर ते फार बारीक आहे. आता हात सरळ पसरून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. बरगड्या अशा लागत असतील तर वजन योग्य आहे.

पशुवैद्य यासाठी १ ते ९ असे गुण देतात. ४ ते ५ म्हणजे छान. ३ म्हणजे बारीक. १ म्हणजे बरगड्या, पाठीचा कणा, कमरेची हाडं लांबूनही दिसतात, मांड्यांचं मांस गेलेलं असतं.

बारीक पण चपळ, नीट खाणारं, शेपटी हलवणारं कुत्रं असेल तर घाबरायचं कारण नाही. रोजचं अन्न तीन वेळांत विभागा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या. मात्र १ किंवा २ गुणांचं, लटपटणारं किंवा बरेच दिवस उपाशी असलेलं कुत्रं हा दवाखान्याचा विषय आहे. शक्य असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. आणि ते पिल्लू असेल तर वाट पाहूच नका. पिल्लांची साखर पटकन उतरते, त्यांचं गणित वेगळं असतं. खाली दिलेला हिशोब प्रौढ कुत्र्याचा आहे.

पहिले दहा दिवस

आधी वजन करा. कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. घरी काटा नसेल तर गावच्या राइस मिलमध्ये किंवा धान्याच्या दुकानात असतोच.

समजा कुत्रं आज १० किलोचं आहे. नुसतं पडून राहायला त्याला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. हिशोब आजच्या वजनावर करायचा, ते किती असायला हवं त्यावर नाही. फार खंगलेल्या कुत्र्यासाठी अंदाजे असं चालतं:

पहिले दोन दिवस: गरजेच्या पाव भाग, म्हणजे सुमारे १०० कॅलरी. एक उकडलेलं अंडं आणि दोन-तीन छोटे तुकडे उकडलेलं, हाड काढलेलं चिकन. बस्स. हेही दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून.

तिसरा-चौथा दिवस: निम्मा भाग, सुमारे २०० कॅलरी. एक अंडं, ५० ग्रॅम चिकन आणि पाव वाटी मऊ भात.

पाचवा ते सातवा दिवस: पाऊण भाग, सुमारे ३०० कॅलरी, चार वेळांत.

आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत: पूर्ण ४०० कॅलरी. पुढे जुलाब नसतील, कुत्रं तरतरीत असेल, तर हळूहळू वाढवत न्या.

हे मी समजण्यासाठी सांगितलं. तुमच्या कुत्र्याचं नेमकं प्रमाण तुमचे पशुवैद्य ठरवतील. ते कुत्रं तुमच्याकडे केविलवाणं बघेल, भांडं चाटून पुसून ठेवेल, अजून मागेल. तेव्हा मन घट्ट करावं लागतं. पाणी मात्र नेहमी समोर असू द्या.

या दिवसांत अचानक अशक्तपणा, झोकांड्या, धाप, पायांवर सूज, सतत उलटी, लालसर-काळपट लघवी किंवा झटके यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका, सरळ पशुवैद्याकडे न्या.

दूध, भात, तूप आणि रस्सा

आपला भाग धानाचा. घरात भात असतोच, म्हणून उपाशी कुत्र्यापुढे आपण भाताचा ढीग ठेवतो. पण इन्सुलिन एकदम वाढवणारं अन्न म्हणजे हेच. म्हणून पहिल्या दिवसांत भात कमी आणि अंडं-चिकन जास्त. भात वाईट नाही, त्याचा ढीग वाईट आहे.

दूध मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना पचत नाही. दुधातली साखर न पचल्याने जुलाब होतात आणि दिलेलं सगळं वाया जातं. त्या काकांच्या कुत्र्याला हगवण लागली, तिचं एक कारण हे असू शकतं.

तूप किंवा तेल ओतून वजन वाढवायचा प्रयत्न करू नका. एकदम जास्त स्निग्ध पदार्थ गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

मटणाच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. आधीच रक्त कमी असलेल्या कुत्र्याला हे परवडत नाही. शिजवलेली हाडं तडकून आतड्यात रुततात. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही देऊ नका.

आणखी एक गोष्ट. महिनोन्‌महिने नुसतं भात-चिकन दिलं तर कॅल्शियम कमी पडतं. कुत्रं सावरलं की त्याला चांगलं तयार कुत्र्याचं खाद्य सुरू करा किंवा घरच्या आहारात काय घालायचं ते पशुवैद्यांना विचारा.

खातं भरपूर, पण अंगी का लागत नाही?

माणसाचं वजन घटलं की आम्ही टॉनिक न देता कारण शोधतो. टीबी आहे का, साखर आहे का, थायरॉइड आहे का. कुत्र्यालाही तोच न्याय हवा.

आपल्याकडे पहिला संशयित म्हणजे जंत. आकडे जंत आतड्यातून रक्त पितात, गोल जंत अन्न खातात. दुसरा संशयित गोचीड. गोचिडांतून एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू रक्तात जातात. ताप येतो, रक्त कमी होतं, प्लेटलेट घटतात, कुत्रं वाळत जातं. अशा कुत्र्याला कितीही खाऊ घाला, उपयोग नाही. त्याला रक्ततपासणी आणि औषध हवं. त्याशिवाय खरूज, दातांचा त्रास, डिस्टेंपर, मूत्रपिंडाचे आजार अशीही कारणं असतात.

हा प्रश्न फक्त कुत्र्याचा नाही, म्हणून मी माणसांच्या ब्लॉगवर लिहितो आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी अंगणातल्या मातीत जातात. त्याच मातीत मुलं अनवाणी खेळतात. आकडे जंतांच्या अळ्या पायाच्या कातडीत शिरून खाजणारी, सरकत जाणारी लाल रेघ उमटवतात. गोल जंतांच्या अळ्या क्वचित यकृतात किंवा डोळ्यात जातात. विष्ठा रोज उचलून पुरा, मुलांना चपला घाला, जेवणाआधी हात धुवा. कुत्र्याचे जंत काढणं हा मुलांच्या आरोग्याचाही भाग आहे.

आपली औषधं त्याला देऊ नका

ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतंय म्हणून ब्रुफेन, गोचीड आहेत म्हणून गोठ्यातलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. हे सगळं मी ऐकलं आहे. पहिली दोन औषधं कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. तिसऱ्याचा गाईचा डोस कुत्र्याला फार जास्त होतो. औषध कोणतं, किती आणि इतक्या अशक्त कुत्र्याला नेमकं कधी, हे पशुवैद्यच ठरवतील. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. गुंतागुंत असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, चंद्रपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर.

कुत्रं खातच नसेल तर आधी रेबीज आठवा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. अनोळखी कुत्रं खात नसेल, लाळ गळत असेल, जबडा लोंबकळत असेल, गिळता येत नसेल, तर "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजचं कुत्रं असंही दिसतं. ते नेहमी पिसाळून धावत नाही, कधी कधी गप्प पडून असतं.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. लस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण घ्या. खोल जखम किंवा रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचवणं जवळजवळ अशक्य असतं. कुत्र्यालाही पशुवैद्यांच्या सल्ल्याने रेबीजची लस द्या आणि दरवर्षी पुन्हा द्या. नवं कुत्रं सुरुवातीचे दिवस मुलांपासून दूर ठेवा, विशेषतः खाताना. उपाशी कुत्रं भांड्याजवळ आलेल्या हाताला चावू शकतं. त्यात त्याचा दोष नाही.

आपल्या जंगलाचं काय?

आपण ताडोब्याच्या शेजारी राहतो, त्यामुळे पुण्या-मुंबईचे सल्ले इथे अपुरे पडतात. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे. अकोले तालुक्यातल्या शेतवस्तीतल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. ज्या कुत्र्याला तुम्ही दोन महिने खपून उभं केलं, त्याला रात्री अंगणात साखळीने बांधणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. आणि उन्हाळ्यात त्याच अंगणात मुलं झोपतात. रात्री कुत्रं आत घ्या, उरलेलं अन्न बाहेर टाकू नका.

दुसरी गोष्ट डिस्टेंपरची. हा कुत्र्यांचा विषाणू वन्यप्राण्यांतही जातो. २०१८ साली गीरमध्ये २० हून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. म्हणून रेबीजबरोबर डिस्टेंपर-पार्व्होची लसही द्या आणि कुत्रं जंगलात मोकळं सोडू नका.

तिसरी गोष्ट ऊन. चंद्रपूरचा मे सगळ्यांना माहीत आहे. पारा ४७ च्या आसपास गेला की धडधाकट कुत्रंही खात नाही. जेवण पहाटे आणि सूर्य मावळल्यावर द्या, दुपारी सावली आणि पाणी.

"इथे मुलं कुपोषित आहेत आणि तुम्ही कुत्र्यावर लिहिता?"

हा प्रश्न कोणीतरी विचारेलच, आणि तो रास्त आहे. गडचिरोलीत बालकांचं कुपोषण हा खरा प्रश्न आहे आणि त्याची जागा पहिली आहे. पण उपाशी जीव कसा उभा करायचा याचं शास्त्र एकच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यदूतांना नवजात बाळाचं वजन करायला, नोंद ठेवायला आणि पुन्हा पुन्हा घरी जाऊन पाहायला शिकवलं. त्यातून बालमृत्यू कमी झाले. त्यात मोठी यंत्रं नव्हती. वजनकाटा, वही आणि चिकाटी होती. हेमलकशात १९७३ पासून माणसांचा दवाखाना चालला आणि त्याच आवारात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जंगलातली पोरकी पिल्लंही वाढवली. एकाची काळजी घेतली म्हणून दुसऱ्याची कमी झाली नाही.

मला तर उलटंच दिसतं. ज्या घरात कुत्र्याचे जंत काढतात, लस वेळेवर देतात, वजन वहीत लिहितात, त्या घरातल्या मुलांचं लसीकरणाचं कार्डही बहुतेक वेळा पूर्ण भरलेलं असतं.

त्या काकांचं कुत्रं आता बरं आहे. पशुवैद्यांनी जंतांचं औषध दिलं, रक्त तपासलं, गोचीडतापाचा कोर्स केला, दूध बंद केलं. काकू दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर लिहितात. सहा आठवड्यांत ते ९ किलोवरून १२ किलोवर आलं. परवा काका पुन्हा आले आणि या वेळी स्वतःहून बीपी तपासून घेतलं.

तुमच्या फाटकाशीही कधी असं एखादं कुत्रं येऊन पडेल. त्याला आत जरूर घ्या. पहिल्या दिवशी एक अंडं आणि पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्याकडे घेऊन जा. पोटभर जेवण द्यायला पुढे खूप दिवस आहेत.